कानातली काकवी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मी मराठीत कविता लिहितो. तीस-पस्तीस वर्षं लिहितो आहे. त्यामुळे बालवाडीच्या बाईंनी माझ्या मुलीला बोलावून, अगदी गोड आवाजात, "घरी जरा मराठी बोलत चला, म्हणजे हिला इथलं कळेल," असं सांगितलं, तेव्हा हसावं की रागवावं, मला कळेना. आमच्या घरात दख्खनी चालते आणि मराठीही चालते. माझी नात मुन्नी तेव्हा साडेचार वर्षांची. तिची आई आणि वडील नोकरीला जातात, म्हणून ती दिवसभर आम्हा नाना-नानीकडे. सकाळी दख्खनीत हट्ट, दुपारी मराठीत गोष्ट, असा तिचा दिवस. दोन्ही भाषांत ती सारखीच कमी बोलायची. तिथंच आम्हाला शंका यायला हवी होती. ती आली नाही.

बाईंना मी दोष देत नाही. मूल सांगितलेलं ऐकत नाही, ओळीतून मागे राहतं, "वह्या काढा" म्हटलं की शेजारच्या मुलाकडे बघून मग वही काढतं. आमचं नाव आणि घरची भाषा बघून त्यांनी एक कारण गृहीत धरलं. आम्ही घरचे तरी काय शहाणे होतो? नानी म्हणायची, हट्टी आहे, आजोबावर गेली आहे. टीव्हीचा आवाज ती मोठा करायची, तर मी म्हणायचो, आजकालची मुलं! एका घरात एकाच गोष्टीला तीन नावं पडली होती, आणि तिन्ही चुकीची होती.

खरा प्रकार लक्षात आला तो एका संध्याकाळी. मुन्नी ओट्याकडे पाठ करून भातुकली खेळत होती. कुकरची शिट्टी झाली. मी दचकलो आणि ती हललीसुद्धा नाही. मग मी मागून हळूच हाक मारली. नाही. थोडी मोठ्यानं मारली, तेव्हा वळली आणि माझ्या डोळ्यांकडे न बघता ओठांकडे बघू लागली. ही जन्मली तेव्हा तिच्या उजव्या कानात अजान मी दिली होती. त्या कानात साडेचार वर्षांनी माझी हाक पोचत नव्हती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आम्ही सांगलीचे. मोठं दुखणं निघालं की मिरजेला जायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. तिथल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी आधी तिच्याशी खेळ मांडला. कानाला हेडफोन लावले आणि आवाज ऐकू आला की एक ठोकळा डब्यात टाकायचा. बारीक आवाजांना ठोकळा हातातच राहिला. मग दुसरी तपासणी झाली. कानाशी एक छोटी टोपी धरून हवेचा दाब कमीजास्त करतात आणि पडदा किती हलतो त्याचा आलेख काढतात. चांगल्या कानाचा आलेख डोंगरासारखा वर जाऊन खाली येतो. मुन्नीच्या दोन्ही कानांचा आलेख माळरानासारखा सपाट. पडदा हलतच नव्हता.

डॉक्टर म्हणाले, "ग्लू इअर. पडद्यामागे चिकट पाणी साठलंय." आम्ही गुळाच्या पेठेतली माणसं. डिंक कशाला म्हणायचं, मी मनात म्हटलं, काकवी म्हणा. पुढे घरात तोच शब्द रूढ झाला.

हे का होतं ते सांगतो. कानाच्या पडद्यामागे एक छोटी पोकळी असते. तिच्यात हवा असते, म्हणून पडदा थरथरू शकतो. मिरजेत सतारमेकरांच्या दुकानात तंबोऱ्याचे भोपळे टांगलेले तुम्ही पाहिले असतील. भोपळा पोकळ आहे म्हणून तंबोरा बोलतो. त्याच भोपळ्यात काकवी ओता आणि तार छेडा. तार तीच, छेडणारा हात तोच, पण नाद बसून जाईल. पोकळीतली हवा ताजी राहावी म्हणून कानापासून नाकाच्या मागच्या बाजूपर्यंत एक नळी असते. आपण आवंढा गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा ती क्षणभर उघडते. मोठ्या माणसात ती उतरती असते. लहान मुलात ती आखूड आणि जवळजवळ आडवी असते. सर्दीनं सुजली की ती बंद पडते, आतली हवा शोषली जाते आणि तिच्या जागी पाझर साठतो. तोच पुढे घट्ट होतो. दुखत नाही, ताप नाही, कान वाहत नाही, म्हणून कुणाला कळतही नाही. मूल जगाचा आवाज कानात बोटं घालून ऐकावा तसं ऐकत राहतं. त्यात "ससा" आणि "चहा" यांच्यातला फरकच बुडून जातो. बोलायला शिकण्याच्या वयात महिनोन्‌महिने असं गेलं, तर ऐकण्याबरोबर बोलणंही मागे पडतं.

डॉक्टरांनी लगेच शस्त्रक्रिया सांगितली नाही, हे मला आवडलं. पुष्कळ मुलांचं हे पाणी आपोआप ओसरतं, म्हणून तीन महिने थांबायचं असतं. आम्ही थांबलो. त्या काळात तिच्याशी समोर बसून बोलायचं, वर्गात पुढे बसवायचं, मागून ओरडायचं नाही, असं ठरलं. बाईंना आलेख नेऊन दाखवला. त्यांचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवसापासून मुन्नी पहिल्या ओळीत बसू लागली. तीन महिन्यांनी तपासणी झाली, तरी माळरान तसंच. मग मात्र ग्रोमेट बसवायचं ठरलं.

ग्रोमेट म्हणजे पडद्यात बसवायची इवलीशी नळी. मोहरीच्या दाण्याच्या जवळपासची, मधलं भोक एखाद्या मिलिमीटरचं. कल्पना जुनी आहे. व्हिएन्नाच्या ॲडम पोलित्झर यांनी एकोणिसाव्या शतकातच कडक रबराची नळी करून पाहिली होती. आजची प्लॅस्टिकची नळी अमेरिकेतल्या आर्मस्ट्राँग यांनी १९५४ साली रूढ केली. तिचं काम काय, हे मला तेलाच्या डब्यानं समजलं. पंधरा किलोच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गटगट अडखळतं. समोर दुसरं भोक पाडलं, हवा आत गेली, की धार सरळ लागते. डॉक्टर पडद्याला बारीक छेद देऊन काकवी शोषून घेतात आणि ती पुन्हा साचू नये म्हणून त्या छेदात नळी बसवून हवेला दुसरी वाट ठेवतात. टाके नाहीत. दहा-पंधरा मिनिटांचं काम, पण मूल हलू नये म्हणून पूर्ण भूल द्यावी लागते. काही मुलांची नाकामागची ॲडिनॉइडची गाठही त्याच वेळी काढतात, आमच्याकडे ते लागलं नाही. नळी साधारण सहा महिने ते दीड वर्षात स्वतःच बाहेर पडते आणि पडदा बहुधा मिटून येतो. काही थोड्या मुलांत भोक राहतं आणि काहींना नळी पुन्हा बसवावी लागते, हेही आधी ऐकून ठेवलेलं बरं.

आता मुन्नीला हे सांगायचं कसं? नानीचं मत, काही सांगू नका, "फिरायला जाऊ" म्हणा. आमच्या पिढीला असंच नेत. मला आठव्या वर्षी जत्रेला म्हणून नेऊन टॉन्सिल काढून आणलं होतं. पुढे कितीतरी वर्षं घरात जत्रेचं नाव निघालं की मी माडीवर लपायचो. म्हणून मी हट्ट धरला की पोरीला खरं सांगायचं. माझ्या मुलीलाही ते पटलं.

पण खरं सांगायचं म्हणजे सगळं सांगायचं असं नाही. पंधरा दिवस आधी सांगितलं तर मूल पंधरा दिवस घाबरतं. आम्ही तीन दिवस आधी सांगितलं. तुझ्या कानात काकवी साठली आहे, डॉक्टर ती काढणार, तू झोपलेली असशील, ती झोप औषधाची असते, काम संपलं की जाग येते, आणि जागी होशील तेव्हा अम्मी तिथं असेल. एवढंच. "दुखणार नाही" असं आम्ही म्हटलं नाही. कारण थोडं दुखलं तर पुढची सगळी वाक्यं खोटी ठरतात. मग तिच्या बाहुलीचं ऑपरेशन झालं. दुधाच्या पातेल्यावरची चाळणी हा मास्क, कानात मोहरीचा एक दाणा. (हा दाणा बाहुलीच्याच कानात घालायचा, हे तिला तीन-तीनदा बजावलं. लहान मुलांच्या हाती असले दाणे देताना जवळ बसलेलं बरं.) बाहुली दोनदा रडली, एकदा डॉक्टरला चावली. मुन्नीच्या मनात काय चाललं होतं ते आम्हाला बाहुलीकडूनच कळलं. तिची खरी भीती सुईची नव्हतीच. जागी झाले आणि अम्मी नसली तर, ही होती. तेव्हा आम्ही डॉक्टरांना आधीच विचारून ठेवलं की जाग येते त्या खोलीत आईला येऊ देतील ना. देतो म्हणाले.

उपाशी ठेवणं हा दुसरा प्रश्न. भुलीच्या आधी सहा तास खाणं आणि दूध बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. ती भूक कशी निभवायची? मुन्नीनंच वाट काढली. "मेरा रोजा है?" म्हणाली. आम्ही हो म्हटलं. मग काय, मोठ्या माणसाची ऐट. पहाटे पाणी दिलं तर घेईना. रोज्यात पाणी पीत नाहीत म्हणे! हा डॉक्टरांचा रोजा आहे, त्यात पाणी चालतं, अशी तिची समजूत घालता घालता नानीची पुरेवाट झाली.

भूल देणाऱ्या बाईंनी मास्क तोंडावर एकदम लावला नाही. आधी तिच्या हातात दिला आणि फुगा फुगवायला सांगितलं. चार-पाच श्वासांत मुन्नी झोपली. तेव्हा तिचे डोळे अर्धवट मिटून वर गेले, ते बघून माझी मुलगी बाहेर येऊन भिंतीला टेकली. आई-वडिलांना हे आधी सांगून ठेवायला हवं, तसं होतंच. आणि आणखी एक. भुलीतून उठताना काही मुलं भयंकर रडतात, हातपाय झाडतात, आईला ओळखत नाहीत. मुन्नी वीस मिनिटं तशीच रडली. काहीतरी बिघडलं म्हणून मी घाबरलो. नर्स शांतपणे म्हणाल्या, हे दुखण्याचं रडणं नाही, भुलीचं आहे, उतरेल. उतरलं. मग तिनं बिस्किट मागितलं आणि संध्याकाळी आम्ही घरी आलो.

घरी आल्यावर जे झालं त्याची तयारी कुणीच केली नव्हती. मुन्नीला जग मोठ्यानं ऐकू येऊ लागलं आणि ते तिला सोसवेना. नानीनं ताटं रचली, तर हिनं कानावर हात ठेवले. मोटारसायकल गेली की रडू. पंख्याकडे बोट दाखवून "ये बोलता है" म्हणाली. चार-पाच दिवस आम्ही सगळे हळू बोललो. आमच्या घरात असं कधी झालेलं नव्हतं. हळूहळू तिची तिलाच सवय झाली. टीव्हीचा आवाज तिनं स्वतः कमी केला, तेव्हा नानीनं डोळे पुसले.

आता पाण्याकडे येतो, कारण खरं भांडण तिथं झालं.

माझ्या डाव्या कानानं मला कमी ऐकू येतं. लहानपणी मळ्यातल्या विहिरीत पाठीला डबा बांधून आम्ही पोहायला शिकलो. कधी भोपळा असायचा, कधी पांगाऱ्याचा बिंडा. मे महिना पाण्यातच जायचा. माझा कान वाहायचा आणि आई त्यात लसूण घालून कढवलेलं कोमट तेल सोडायची. पडद्याला भोक पडलं, ते राहिलं. घरात ठरलं की विहिरीनं कान खाल्ला. आज डॉक्टर सांगतात की सुरुवात बहुधा विहिरीनं केली नसेल. सर्दीनंतर कानात पू झाला असेल, त्यावर नीट उपचार झाले नाहीत, आणि फुटलेल्या पडद्यातून विहिरीचं पाणी आणि तेल जात राहिलं. आईनं मायेनं केलं. पण वाहत्या किंवा नळी बसवलेल्या कानात तेल घालू नये, हे मी आज मुद्दाम सांगतो, कारण लसणाचं तेल अजून घरोघरी आहे.

तर असा कान घेऊन मी फर्मान काढलं, नळी आहे तोवर मुन्नी पाण्याजवळ जाणार नाही. माझी मुलगी एरवी माझं ऐकते. या वेळी ऐकलं नाही. "अब्बा, तुम्ही मलाही पोहायला शिकवलं नाहीत," म्हणाली. खरं होतं. विहिरीवर मुलगे जायचे, ती जायची नाही. मग २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं. २००५ चा पूर आम्ही पाहिला होता, पण हा त्याहून वर चढला. ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि माणसं गेली. माझी मुलगी त्या दिवसांत छातीभर पाण्यातून दोराला धरून निघाली होती. पाणी गळ्याशी आलं तर आपल्याला काहीच करता येणार नाही, हे तिला त्या दोराला धरलेलं असताना कळलं. आपल्या पोरीला पोहता आलं पाहिजे, हे तिनं तेव्हाच ठरवलं होतं, मूल व्हायच्या आधी.

आम्ही भांडण डॉक्टरांपुढे नेलं. ते हसले. म्हणाले, पूर्वी आम्हीही "पाण्याचा थेंब नको" असंच सांगायचो. अमेरिकेत पिट्सबर्गला दोनशेवर मुलांची तुलना झाली, तिचे निष्कर्ष २००५ मध्ये आले. निम्म्या मुलांनी पोहताना-आंघोळीला कानात बोळे घातले, निम्म्यांनी नाही. फरक इतका थोडा निघाला की एकदा कान वाहणं टाळायला एका मुलाला सरासरी २.८ वर्षं बोळे घालावे लागले असते. म्हणजे नळीच त्याआधी पडून जायची! तिथल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीनं २०१३ मध्ये सरसकट पाणी टाळायला सांगू नका असं म्हटलं आणि २०२२ मध्ये तेच पुन्हा सांगितलं.

मला पटेना. भोक आहे तर पाणी जाणारच. डॉक्टर म्हणाले, छत्रीच्या कापडालाही बारीक भोकं असतातच, पाऊस आत येतो का? पाण्याचा थेंब स्वतःला आवळून धरतो, बारीक भोकातून सहजी शिरत नाही. शिवाय आत हवा कोंडलेली असते, ती बाहेर पडल्याशिवाय पाण्याला जागा कुठली? मला माझा एका भोकाचा डबा आठवला आणि मी गप्प झालो.

पण त्यांनी पाण्यापाण्यात फरक केला. साबणाचं पाणी थेंबाची ती पकड सैल करतं, म्हणून डोकं धुताना कानाच्या तोंडाशी व्हॅसलिन लावलेला कापूस ठेवावा, टबात साबणाच्या पाण्यात डोकं बुडवू नये. खोल बुडी किंवा वरून सूर मारला तर दाबानं पाणी आत ढकललं जातं, म्हणून ते नको. क्लोरिन घातलेल्या तलावात वरच्यावर पोहणं चालेल. नदी, विहीर, शेततळं यांच्या पाण्यात जंतू असतात, तिथं नळी असेपर्यंत जाऊ नये, आणि जायचंच तर कानात बोळे घालून, डोकं वर ठेवून. पाणी गेल्यावर कान दुखत असेल किंवा वारंवार वाहत असेल, अशा मुलाला बोळे लागतातच. मुलाला दुसरा काही आजार असेल, तर नियम त्याच्या डॉक्टरांनी ठरवायचे. आमच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेनंतर दोन आठवडे थांबायला सांगितलं. नानीची शंका वेगळीच होती. मुन्नी तिच्याबरोबर वजू करते, ओली बोटं कानातून फिरवते, चालेल का? चालेल म्हणाले.

तरी पावसाळ्यात सर्दी झाली आणि मुन्नीचा एक कान वाहिलाच. पाण्याचा संबंध नव्हता. नळी असताना कान एकदा तरी वाहणं ही नेहमीची गोष्ट आहे. पडद्यामागे कोंडून ठणकण्यापेक्षा बाहेर आलेलं बरं. डॉक्टरांनी कानात घालायचे थेंब दिले, पोटातलं औषध लागलं नाही. कपाटातली थेंबांची जुनी बाटली मात्र काढू नका. काही थेंबांतली औषधं भोकातून आत गेली तर आतल्या कानालाच अपाय करतात. तो आठवडा पोहणं बंद ठेवलं.

तलावावर मुन्नीला पहिल्या दिवशी मी नेलं. ती आधी काठावर बसून पाय हलवत राहिली. प्रशिक्षक मुलांना पाण्यात तोंड घालून बुडबुडे काढायला सांगत होते. मुन्नीनं माझ्याकडे पाहिलं. तिनं माझ्या तोंडून एवढे दिवस "पाणी नको, पाणी नको" ऐकलं होतं. माझं ते वाक्य तिच्या कानात आता व्यवस्थित पोचत होतं, हीच पंचाईत. मी चप्पल काढली, पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला आणि पायरीवर उभं राहून तोंड पाण्यात घातलं. डावा कान वर ठेवून. बुडबुडे काढले. पोरं खिदळली. मग तिनं काढले.

नळ्या दहा आणि चौदा महिन्यांनी पडल्या. पहिली कधी पडली कळलंच नाही. दुसरी तपासणीच्या वेळी मळाबरोबर निघाली. डॉक्टरांनी कागदावर ठेवून दाखवली. पडदे मिटलेले, आलेखात दोन डोंगर. मुन्नीनं ती निळी नळी आगपेटीत घालून घरी आणली आहे. मळ्यातली विहीर तिला या मे महिन्यात दाखवायची आहे. पाठीला बांधायला डबा मी शोधून ठेवला आहे, पण तिची आई म्हणते, अब्बा, आधी डबा मला.